वाचक विचारतात: लायब्ररी आणायची कोणी अन् जोडायची कोणी?

प्रश्न: ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातला. एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी सी प्लस प्लसमधे प्रोग्राम बनवून राह्यलो. कापसाची भरली गाडी काट्यावर आली की सिरीयल पोर्टवरून वजन घ्यायचं, खाली होऊन परत आली की तेव्हाचं घ्यायचं, वजाबाकी करून पावती छापायची अन् हिशोब एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधे ठेवायचा, एवढंच काम. एसक्यूलाइट अन् मजकूर मांडायची एफएमटी या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मी हातानं डाउनलोड केल्या, माझ्याच लॅपटॉपवर बनवल्या अन् फोल्डरमधे टाकल्या. माझ्याकडे चालते. मित्रानं तेच फोल्डर घेऊन रिलीज बिल्ड (लोकांना द्यायची पक्की आवृत्ती) केलं तर लिंक करताना, म्हणजे तुकडे जोडताना, एलएनके २०३८ एरर. मग माझी एक्झी उचलून काट्यावर नेली तर थे उघडतच नाही, एमएसव्हीसीपी१४०डी डीएलएल नाही म्हणते. कोणी म्हणे कोनन वापर, थे लायब्ररी आणून देते, व्हिडिओ पाहून केलं तर आता कोननबिल्डइन्फो डॉट सीमेक सापडत नाही. घरी नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट. काहून होऊन राह्यलं असं? कापूस यायच्या आत काट्यावर चालू करायचं हाय.

(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, पहिले दोन एरर सख्खे भाऊ आहेत. तू सगळं डिबगमधे, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, बनवलं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमधे डिबगचा रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारा मायक्रोसॉफ्टचा कोड) वेगळा अन् रिलीजचा वेगळा, दोन्हीची सरमिसळ लिंकर होऊ देत नाही, एलएनके २०३८ म्हणजे तेच. मित्राचा कोड रिलीज, तुझी एफएमटी डिबग. आणि काट्यावर जी डीएलएल मागते तिच्या नावात शेवटी डी आहे ना, तो डी डिबगचाच, ती फाइल व्हिज्युअल स्टुडिओसोबत येते अन् दुसऱ्यांना वाटायची परवानगी नाही, त्यामुळे नेटवरून कुठून तरी ती डीएलएल आणून काट्याच्या कॉम्प्युटरमधे टाकू नको, हात जोडून सांगते. तिथे रिलीज एक्झी ने अन् व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे रिलीजच्या रनटाइमचं पॅकेज, बसव.

आता मुळाचं. तुझ्या फोल्डरमधे लायब्ररीची फाइल कॉपी झाली पण ती कशी बनवली होती ही माहिती सोबत गेलीच नाही. कोननचं खरं काम हे आहे. तो प्रोफाइल ठेवतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, ३२ बिट की ६४, कंपायलर कोणता, त्याचं व्हर्जन, रनटाइम, डिबग की रिलीज, आणि हे सगळं मिळून प्रत्येक बायनरीला, म्हणजे बनवून तयार असलेल्या लायब्ररीला, एक आयडी देतो, तुझ्या प्रोफाइलला जुळेल तीच बायनरी आणतो. प्रोग्राममधे कोणती लायब्ररी कोणत्या व्हर्जनची लागते ते कोननफाइल डॉट टीएक्सटी या छोट्याशा फाइलीत लिहायचं. गिटमधे (कोडचे बदल सांभाळणारं टूल) ती फाइल ठेव, लायब्ररीचं फोल्डर काढून टाक.

व्हिडिओ जुना आहे. कोनन १ मधे सीमेकच्या (प्रोग्राम बिल्ड करायचं टूल) सीमेकलिस्ट्स या फाइलीतच कोननबिल्डइन्फो इन्क्लूड करायचं अन् कोनन बेसिक सेटअप असं लिहायचं, फेब्रुवारी २०२३ मधे कोनन २ आलं त्यात ती पद्धतच काढून टाकली. मला ही नवी पद्धत मनापासून पटते कारण आता तुझ्या सीमेकलिस्ट्समधे कोननचं नावही येत नाही. तिथे नेहमीसारख्या फाइंड पॅकेज अन् टार्गेट लिंक लायब्ररीज या दोन कमांड, बास. उद्या कोणी कोनन न वापरता दुसरीकडून एफएमटी आणली तरी तीच फाइल चालते. लायब्ररी आणणं कोननकडे, बिल्ड करणं सीमेककडे, आणि दोघांच्या मधे एकच दुवा, टूलचेन फाइल, म्हणजे कोणत्या सेटिंगनं बिल्ड करायचं अन् लायब्ररी कुठे आहेत हे सीमेकला सांगणारी फाइल.

करायचं कसं. कोनन पिपनं, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरनं, बसतो, पायथन पाहिजे. एकदा कोनन प्रोफाइल डिटेक्ट चालव. कोननफाइलमधे दोन जनरेटर लिही, सीमेकडेप्स अन् सीमेकटूलचेन. पहिला प्रत्येक लायब्ररीचा पत्ता फाइंड पॅकेजला कळेल अशा फाइली बनवतो, दुसरा कोनन टूलचेन डॉट सीमेक बनवतो. मग कोनन इन्स्टॉल, आउटपुट फोल्डर बिल्ड, सोबत बिल्ड मिसिंग हा पर्याय, म्हणजे तयार बायनरी नसली तर सोर्सवरून बनवेल. ही कमांड दोनदा द्यायची, एकदा रिलीजसाठी, एकदा बिल्ड टाइप डिबग करून. व्हिज्युअल स्टुडिओ एकाच प्रोजेक्टमधे दोन्ही ठेवतो त्यामुळे एकदाच दिली तर दुसऱ्या बाजूला परत रडारड. कमांड संपली की फाइंड पॅकेजमधे काय लिहायचं, टार्गेटचं नाव काय, हे कोनन स्वतःच स्क्रीनवर छापतो, तेच उचल.

मग सीमेकला टूलचेन फाइल दे, आणि पहिल्याच वेळी दे. एका दालमिलच्या प्रोग्रामवर मी आधी नुसतं सीमेक चालवलं, मग आठवलं म्हणून टूलचेन दिली, पूर्ण दिवस फाइंड पॅकेज लायब्ररी सापडत नाही म्हणत राहिलं. सीमेक टूलचेन पहिल्या कॉन्फिगरलाच धरतो, नंतर दिली तर जुन्या कॅशमुळे (आधी साठवलेल्या माहितीमुळे) धरत नाही. बिल्ड फोल्डर उडवून परत केलं, दोन मिनिटात चाललं. आणखी एक, सीमेकलिस्ट्सच्या पहिल्या ओळीत मिनिमम व्हर्जन ३.१५ तरी ठेव. रनटाइम कोणता हे टूलचेनकडून ऐकायची सोय सीमेकमधे ३.१५ पासून आहे, त्याखाली लिहिलं तर सगळं बरोबर करूनही तोच २०३८ दारात उभा.

नेटचं म्हणशील तर लायब्ररी एकदा उतरली की तुझ्या होम फोल्डरमधल्या कोनन२ च्या कॅशमधे राहते, परत परत डेटा जळत नाही. मित्रासाठी कोनन कॅश सेव्ह करून एक टीजीझेड फाइल बनव, पेन ड्राइव्हवर दे, त्याच्याकडे कोनन कॅश रिस्टोअर. काट्याच्या कॉम्प्युटरवर कोनन, सीमेक यातलं काहीच बसवायची गरज नाही. फक्त आजच जाऊन बघ तिथलं विंडोज ३२ बिटचं तर नाही ना, असेल तर प्रोफाइलमधे आर्किटेक्चर एक्स८६ करून सगळं नव्यानं घ्यावं लागेल, अन् गाड्यांची लाइन लागल्यावर हे कळू नये.

प्रश्न: ताई, मी पॉलिटेक्निकला आहे, वरुडची. सर म्हणतात व्हीसीपीकेजी वापरा, सिनियर म्हणतात कोनन. दोन्ही टाकले तर चालेल का?

(एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर: एका प्रोजेक्टमधे दोन्ही नको. व्हीसीपीकेजी पण कोननसारखाच लायब्ररी आणून देतो, टूलचेन फाइलीतूनच सीमेकला जोडतो अन् सीमेक टूलचेन एकच घेतो, दोन जोडायला गेलीस तर कोणती लायब्ररी कुठून आली हे शोधण्यात सेमिस्टर जाईल. व्हीसीपीकेजी मायक्रोसॉफ्टचा, २०१६ पासूनचा, चांगला आहे, यादी व्हीसीपीकेजी डॉट जेसनमधे लिहायची. फरक तुझ्यासाठी एवढाच की तो साधारणपणे लायब्ररी सोर्सवरून तुझ्याच कॉम्प्युटरवर बनवतो, नंतर ती कॅशमधे राहते, पण पहिली वेळ लांबते. कोनन बऱ्याचदा तयार बायनरी देतो. तुमच्याकडे दुपारी लाइन जाते, लॅपटॉपची बॅटरीही साथ देत नसेल तर कोनन घे. लॅबमधले कॉम्प्युटर चांगले असतील अन् सर स्वतः शिकवून राहिले असतील तर व्हीसीपीकेजी घे, अडलं तर विचारायला माणूस समोर आहे.