जनुक मूक केल्यावर काय कळते?

प्रश्न : एकपेशीय जीवातील एखादे जनुक मूक करून त्याचे कार्य ओळखतात, असे वाचनात आले. हे कसे साधते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा असतो?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर पडते व तिच्यानुसार प्रथिन तयार होते. या संदेशाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला, की पेशीतलीच विकरे त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्या तुकड्यांच्या आधारे मूळ संदेश हुडकून कापून टाकतात. जनुक जागच्या जागी राहते, प्रथिन मात्र घटते; यालाच जनुक मूक करणे म्हणतात. फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीत हे दाखवले. त्याच वर्षी निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या परजीवीतही ते आढळले; अल्फा-ट्युब्युलिनचे जनुक मूक होताच त्याच्या सडपातळ पेशी फुगून गोल झाल्या. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या बाबतीत तर काम आणखी सोपे, कारण हवा तो आरएनए बनवणारे ई. कोलाय जिवाणू त्याला नुसते खाऊ घातले तरी पुरते.

विदर्भातील वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. गुरांना सर्रा हा रोग देणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीची बाधा चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला झाल्याची नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच्यावर सुरामिन या जुन्या औषधाने उपचार झाले. हे औषध परजीवीच्या आत शिरते कसे, याचा धागा २०१२ मध्ये या जीवाच्या जवळच्या नातलगात, म्हणजे ब्रुसीत, सापडला. संशोधकांनी असंख्य पेशींत निरनिराळी जनुके मूक करून त्या सुरामिनमध्ये वाढवल्या आणि ज्या तगल्या त्यांच्यात कोणती जनुके मूक होती, हे तपासले. त्यांत आयएसजी७५ या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक ठळकपणे पुढे आले; म्हणजे औषध आत घेण्यात या प्रथिनाचा हात असावा.

भरवशाचे म्हणाल, तर माझ्या मते एकट्या लक्षणावर, म्हणजे पेशीत दिसणाऱ्या बदलावर, विसंबू नये. प्रथिन क्वचितच पूर्ण नाहीसे होते, त्यामुळे बदल दिसला नाही म्हणून जनुक निरुपयोगी ठरत नाही; उलट, दुसऱ्याच एखाद्या जनुकाचा संदेश कापला गेल्यामुळेही बदल दिसू शकतो. म्हणून त्याच जनुकाच्या दुसऱ्या भागावरून प्रयोग पुन्हा करतात किंवा कापला जाणार नाही अशी बदललेली प्रत पेशीत घालून लक्षण मावळते का, ते पाहतात.

शिवाय ही यंत्रणा सर्वत्र नसते. काळ्या आजाराच्या लेश्मानिया डोनोव्हानीत आणि हिवतापाच्या प्लाझ्मोडियममध्ये ती नाही. तेथे जनुकच काढून टाकावे लागते आणि त्यासाठी आता क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र वापरतात.