माझी शिकण्याची पद्धत कोणती हे कसं ओळखू, म्हणजे कॉलेजचा अभ्यास सुधारेल?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन चाचणीत तुम्ही 'पाहून शिकणारे' निघालात, म्हणून पुस्तक बाजूला ठेवून व्हिडिओंवर भर दिला, तरी गुण आहेत तिथेच राहिले. मग आपली खरी पद्धत ओळखायची कशी, हा तुमचा प्रश्न.

आधी त्या चाचणीबद्दल. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून शिकणारे ही चार गटांची विभागणी मुख्यतः नील फ्लेमिंग यांच्या 'व्हार्क' प्रश्नावलीमुळे पसरली. तुम्हाला काय आवडतं एवढं तिच्यातून कळतं. आवडीच्या पद्धतीने शिकलं की जास्त लक्षात राहतं, हा त्यापुढचा दावा मात्र टिकलेला नाही. 2008 मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. त्यांना या दाव्यासाठी पुरेसा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे 'मी पाहूनच शिकतो' हा शिक्का आधी काढून टाका. त्याने होणारं खरं नुकसान म्हणजे माणूस अवघड वाटणारी पण उपयोगी कामं 'हे माझ्या पद्धतीचं नाही' म्हणून सोडून देतो.

आवडीनिवडी निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. त्यांचे दोन भाग पाडा. कोणत्या वेळी, कुठे, किती वेळ, एकट्याने की सोबत, या बाबतीत स्वतःचा कल मानावा. वाचणं, व्हिडिओ पाहणं, रंगीत पेनने खुणा करणं, नोट्स उतरवणं, आठवून लिहिणं यांतलं काय निवडायचं ते मात्र आठवड्याने घेतलेल्या चाचणीच्या गुणांवर ठरवावं.

पहिल्या भागासाठी दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक बैठकीनंतर एक ओळ: सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागा, विषय, नेमकं काय केलं, फोन कुठे होता, किती वेळा उठलात. नोंदीला मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर रकाने कमी करा, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद पडते. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता त्या बैठकीतले तीन मुद्दे लिहून काढा आणि तीनपैकी किती बरोबर आले ते त्याच ओळीत टाका. हा शेवटचा रकाना कुणी भरत नाही, आणि सगळं मोल त्याच्यातच आहे. त्याच्याशिवाय वही फक्त 'किती तास बसलो' एवढंच सांगते.

चौदा दिवसांनी ओळी वेळेप्रमाणे लावून पाहा. सकाळी तल्लख असणारे आणि रात्री तल्लख असणारे हा फरक खरा आहे. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची 19 प्रश्नांची प्रश्नावली 1976 पासून त्यासाठी वापरली जाते. तल्लख वेळेत सर्वांत जड विषय ठेवा. नोट्स लावणं, प्रिंट काढणं, जर्नल पूर्ण करणं ही कामं मरगळलेल्या वेळेत ढकला. परीक्षा सकाळी असेल आणि तुम्ही रात्री जागणारे असाल, तर शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे पेपर परीक्षेच्याच वेळेला सोडवा आणि झोप रोज थोडी अलीकडे आणा. बैठक किती लांब असावी हेही वहीतच दिसेल. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती हा साचा व्याख्या आणि शब्दार्थांना ठीक आहे, पण गणिताचं लांब उदाहरण किंवा प्रोग्रॅम अर्ध्यावर तुटतो. तिथे 50 मिनिटं घ्या.

आता दुसरा भाग, थोडा नेटाने करायचा. एकाच विषयातले साधारण सारख्या लांबीचे आणि सारख्या काठिण्याचे दोन धडे निवडा. वाचायला सुरुवात करण्याआधीच मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून प्रत्येकावरचे दहा प्रश्न मित्राला काढायला सांगा आणि ते त्याच्याकडेच राहू द्या. वाचून झाल्यावर स्वतः प्रश्न काढले तर आपण जे लक्षात राहिलं त्यावरच प्रश्न काढतो. पहिला धडा तुमच्या आवडत्या पद्धतीने 40 मिनिटं करा. दुसऱ्यालाही तेवढीच मिनिटं, पण अशी: 15 मिनिटं वाचन किंवा व्हिडिओ, मग सगळं बंद करून कोऱ्या कागदावर 15 मिनिटं आठवेल तेवढं लिहा, आकृत्यांसकट, उरलेल्या 10 मिनिटांत पुस्तकाशी ताडून चुका आणि गाळलेल्या जागा वेगळ्या रंगात भरा. प्रत्येक धडा संपताच 'यात दहापैकी किती येतील' असा अंदाज लिहून ठेवा. मधे सात दिवस दोन्ही धड्यांना हात लावू नका. मग प्रश्न घेऊन उत्तरं लेखी द्या. पर्याय देऊ नका. पर्याय दिसले की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं नव्हे.

बहुतेकांची चूक होते ती चाचणी त्याच दिवशी घेण्यात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. तुमच्या वहीतही अंदाज आणि गुण यांतली दरी बहुधा आवडत्या पद्धतीतच जास्त निघेल. वाचन सरळ, न अडखळता चालतं म्हणून 'झालं' असं वाटतं. आठवताना अडखळतो म्हणून 'येत नाही' असं वाटतं, पण ते अडखळणंच कामाचं असतं.

एका फेरीवर निर्णय देऊ नका. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, कारण दुसरा धडा नेहमी थकलेल्या डोक्याने होतो.

माध्यम ठरवताना स्वतःपेक्षा विषयाकडे बघा. शरीररचनेला आकृती हवीच, तुम्ही 'ऐकून शिकणारे' असलात तरी. नावं झाकून आकृती स्वतः काढा. प्रोग्रॅमिंगमध्ये उत्तर न बघता कोड टाइप करून चालवा. कायदा किंवा इतिहासात कारण, घटना, परिणाम अशी साखळी मोठ्याने बोलून दाखवा. जिथे 'मग काहीतरी झालं' असं तोंडात येतं तिथेच खड्डा आहे. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवू नका. रोहरर आणि टेलर यांनी 2007 मध्ये दाखवलं की प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांना सरावात कमी गुण पडले (60 विरुद्ध 89 टक्के), पण आठवड्यानंतर त्यांना 63 टक्के मिळाले आणि ओळीने सोडवणाऱ्यांना 20. परीक्षेत कोणती रीत लावायची हे कुणी सांगत नाही. मिसळलेल्या सरावात तेच ओळखण्याची सवय होते.

उजळणीचं अंतरही ठरवून घ्या: दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी आधी कोरा कागद आणि नंतर पुस्तक. सोबत अभ्यास करणं आवडत असेल तर आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावं, मग कागद अदलाबदल करून तपासावेत. नाहीतर ज्याला येतं तो बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात.

दोन पद्धतींचे गुण दोन्ही फेऱ्यांत सारखेच आले, एखाद्या गुणाचाच फरक राहिला, तर खुशाल आवडती पद्धत घ्या. ती तुम्ही सहामाहीभर चालू ठेवाल. नवे विषय सुरू झाले की एक फेरी पुन्हा करा.