म्युनिकहून पहिली स्वस्त सहल

बाय, फोंड्याहून म्हापशाला जाताना कदंबाचं, म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी बसचं, तिकीट आपण बसमध्ये बसून काढतो. जर्मनीत म्युनिकला गेलीस की ही सवय आधी सोड. तिथे रेल्वेगाडीत चढण्यापूर्वीच तिकीट हवं. चौघी-पाचजणी निघालात तर बायर्न-तिकीट, म्हणजे म्युनिक ज्या बायर्न राज्यात आहे तिथलं एका दिवसाचं तिकीट, घ्या. एकाच तिकिटावर ५ जणी दिवसभर प्रादेशिक गाड्यांतून फिरू शकता. इतर दिवशी ते सकाळी ९ नंतर सुरू होतं, शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासूनच. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही चालतं! म्हणून पहिली सहल तिथलीच करा, असं मी मनापासून सांगेन. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहा, आणि घाईत आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत चढू नका, तिथे हे तिकीट चालत नाही.

सीमा ओलांडायची म्हणजे पासपोर्ट आणि निवास-परवाना मूळचेच जवळ हवेत. आमच्यातली एकजण झेरॉक्स घेऊन आली होती. अख्खा प्रवास आमच्या जिवात जीव नव्हता.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा पाव, फळं शनिवारीच घ्या. हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे ना, तेवढं बघून ठेव. आईकडून थोडी सोलां, म्हणजे आमसुलं, मागून ने. थंडीत भिजून आल्यावर गरम भात आणि कढी मिळाली की सगळ्याजणी तुला दुवा देतील.