प्रथिनांच्या जोड्या ओळखणारं माझं मॉडेल ९६ टक्के अचूक आहे. हा आकडा खरा मानावा का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत बायोइन्फर्मॅटिक्सच्या एम.एस्सी.ला आहात, दोन प्रथिनं एकमेकांना जोडली जातात की नाही हे निव्वळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून सांगणारं मॉडेल प्रोजेक्टसाठी केलंत आणि अचूकता ९६ टक्के आली. या आकड्यावर विसंबावं का, आणि प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम, अल्फाफोल्ड, असताना या सगळ्याला अर्थ उरतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी रोज हेच काम करते. पहिल्याचं उत्तर: बहुधा विसंबू नये. पण यात तुमची हलगर्जी नाही. छापून आलेल्या कित्येक पेपरांतही हेच झालंय.

तुम्ही जोड्यांची यादी घेऊन तिची ट्रेनिंग (मॉडेलने शिकायचा भाग) आणि टेस्ट (त्याला तपासायचा भाग) अशी रँडम वाटणी केली असणार. जोड्या वेगळ्या झाल्या, पण प्रथिनं दोन्हीकडे तीच राहिली. आता समजा, तुमच्या सोसायटीत कोण कोणाशी बोलतं याचा अंदाज बांधायचाय. सेक्रेटरी सगळ्यांशी बोलतात. ते ज्या जोडीत आहेत तिथे 'हो' म्हणायचं, आणि तिसऱ्या मजल्यावरचं कायम कुलूप असलेलं घर ज्या जोडीत आहे तिथे 'नाही'. बहुतेक उत्तरं बरोबर येतील, आणि माणसांबद्दल काहीच कळलेलं नसेल. प्रथिनांमध्ये पी५३ हे कर्करोगाला आवर घालणारं प्रथिन म्हणजे असं सेक्रेटरी. त्याच्यावर इतकं संशोधन झालंय की डेटाबेसमध्ये त्याच्या नावापुढे जोडीदारांची रांग आहे. मॉडेल ती रांग पाठ करतं.

पार्क आणि मार्कॉट या संशोधकांनी २०१२ मध्ये हे नेमकं मांडलं. टेस्टमधल्या जोडीतली दोन्ही प्रथिनं ट्रेनिंगमध्ये येऊन गेलेली, एकच आलेलं, किंवा एकही न आलेलं, असे तीन प्रकार वेगळे मोजा, असं त्यांनी सांगितलं. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना आकडा घसरतो. २०२४ मध्ये आणखी एका गटाने डीप लर्निंगची मॉडेल तपासली. एकसारख्या क्रमांची प्रथिनंही दोन्हीकडे येणार नाहीत अशी कडक वाटणी केल्यावर, निव्वळ क्रमावर चालणाऱ्या मॉडेलचा निकाल छापा-काट्याच्या जवळ आला.

हे मला फार महागात पडून कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या मॉडेलने काढलेल्या वरच्या काही जोड्या वेट लॅबमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या, एका मैत्रिणीला दिल्या. को-आयपी करायचं होतं: एका प्रथिनाला अँटिबॉडीने ओढून काढायचं आणि दुसरं त्याच्यासोबत येतं का ते ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांसारखी दिसतात त्या पडद्यावर, पाहायचं. जुलै होता, पाणी भरून लोकल बंद पडल्या, आणि प्रयोग अर्धवट टाकता येत नाही म्हणून ती रात्रभर लॅबमध्येच थांबली. सकाळी तिने ब्लॉट दाखवला. इनपुटच्या, म्हणजे ओढून काढण्याआधीच्या नमुन्याच्या, लेनमध्ये ठसठशीत काळी पट्टी, म्हणजे दुसरं प्रथिन पेशीत भरपूर होतं. शेजारी आयपीची, म्हणजे ओढून काढलेल्या भागाची, लेन कोरी. पुढच्या जोडीलाही तेच, त्याच्या पुढच्या जोडीलाही. मी घरी येऊन वाटणी नव्याने केली तेव्हा नव्वदीतला आकडा पन्नाशीच्या घरात आला. ते मी आधी करायला हवं होतं.

एक तपासणी तुम्ही आजच करू शकता. प्रत्येक प्रथिनाच्या खऱ्या क्रमाऐवजी त्याला एक ठरावीक रँडम क्रम द्या, अक्षरं नुसती विस्कटलेली, आणि मॉडेल पुन्हा ट्रेन करा. आकडा फारसा पडला नाही, तर मॉडेल जीवशास्त्र शिकलेलं नाही, प्रथिनांची ओळखपरेड शिकलंय.

आता ९६ टक्के अगदी खरे धरून चला. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००, म्हणजे जोड्या जवळजवळ २० कोटी. त्यांतल्या खरोखर जुळणाऱ्या काही लाख असाव्यात असे अंदाज आहेत. हिशेबासाठी हजारात दोन धरू. उरलेल्या ९९८ पैकी ४ टक्के चुकून 'हो' झाल्या तर त्या ४० होतात. तुमच्या यादीत ४२ नावं, त्यांतली खरी दोन. तुमच्या टेस्टमध्ये 'हो' आणि 'नाही' बहुधा निम्मे-निम्मे आहेत, म्हणून हे दिसत नाही. 'नाही' जोड्या कुठून आणल्या तेही पाहा. एक केंद्रकातलं आणि एक पेशीपटलावरचं अशा निवडल्या असतील, तर मॉडेल पत्ता ओळखतंय, नातं नाही.

अल्फाफोल्डबद्दल. २०२१ च्या मल्टिमर आवृत्तीपासून आणि २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ मध्ये दोन प्रथिनं एकत्र कशी बसतील याचा आराखडा मिळतो, आणि तो पुष्कळदा थक्क करणारा असतो. पण कुठलीही दोन प्रथिनं दिली तरी ते चित्र काढून देतंच. म्हणून आयपीटीएम, म्हणजे जोडणीवर किती भरवसा ठेवावा हे सांगणारा ० ते १ मधला आकडा, बघायचा: ०.८ च्या वर भरवशाचा, ०.६ च्या खाली बहुधा फसलेला, मधला धूसर. अल्फाफोल्डची बरीचशी ताकद उत्क्रांतीच्या खुणांतून येते. जोडीतल्या एका पृष्ठभागावर बदल झाला की समोरच्यावर त्याला सांभाळून घेणारा बदल टिकतो, आणि हजारो जीवांचे क्रम शेजारी ठेवले की तो सापडतो. अँटिबॉडी आणि अँटिजेनमध्ये असा सामायिक इतिहास नसतो, म्हणून तिथे ही पद्धत जास्त अडखळते.

पी५३ आणि त्याला आवरून धरणारं प्रथिन एमडीएम२ यांची १९९६ मध्ये उलगडलेली रचना कायमेराएक्स या रचना पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा उघडाच. पी५३ चा तो तुकडा एकटा असताना सैल दोरीसारखा असतो, एमडीएम२ च्या खाचेत शिरताना त्याचं हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखं वेटोळं, होतं. हेलिक्सच्या एकाच बाजूने तीन अमिनो आम्लं बाहेर येतात: १९ वं फेनिलअॅलनीन, २३ वं ट्रिप्टोफॅन, २६ वं ल्युसिन. तिन्ही खाचेत अशी घट्ट बसतात की मी विद्यार्थ्यांना स्क्रीन फिरवून दाखवते तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही. २००४ मधली न्यूटलिन नावाची संयुगं याच तीन जागा अडवतात. आणि १८ व्या थ्रिओनिनला फॉस्फेट लागला की ही पकड ढिली होते. दोन्ही प्रथिनं तीच, क्रमही तोच, तरी उत्तर पेशीच्या त्या क्षणाच्या अवस्थेवर ठरतं. तुमचं मॉडेल 'हो' की 'नाही' एवढंच विचारतं, तेव्हा हे सगळं त्याच्या नजरेबाहेर राहतं.

म्हणून प्रोजेक्ट टाकून देऊ नका. प्रथिनांनुसार वाटणी करा, ४० टक्क्यांहून जास्त साम्य असलेले क्रम एकाच बाजूला ठेवा, तिन्ही प्रकारांचे आकडे वेगळे लिहा, रँडम क्रमांचा निकाल शेजारी द्या. २०२४ च्या त्या गटाने मानवी प्रथिनांचा असा वाटून ठेवलेला डेटासेट मोफत ठेवलाय. मॉडेल त्यावर चालवा, आणि गाईडना दोन्ही तक्ते एकाच पानावर दाखवा.