सख्खे भाऊ, पक्के वैरी

प्रश्न: डॉक्टर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, पोरांच्या हट्टापायी दोन नर ससे आणले, सख्खे भाऊ, एकमेकांना चिकटून झोपायचे आणि आता पाच महिन्यांचे झाले तर जिवावर उठलेत, काल पिंजराभर केसांचे पुंजके. काय करू?

उत्तर: ताई, आजच वेगळे करा. वयात आलेले नर भांडणारच, बांधावरनं भाऊ भांडतात तसंच. सोडवताना हात मधे घालू नका, टॉवेल टाका. मग फुंकर मारून केस बाजूला करत जखमा बघा, खास करून मागच्या पायांच्या मधे, तिथं चावलेलं वरनं दिसत नाही आणि सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, गाठ लागली की दवाखाना गाठा. दोघांची नसबंदी करा, सशांची ऑपरेशनं केलेला डॉक्टर बघून, आणि ऑपरेशनआधी उपाशी ठेवू नका. नंतर ४-६ आठवडे मधे जाळी, मग दोघांनाही नवीन जागेत, समजा गच्चीवर सावलीत, दहा-दहा मिनिटं एकत्र सोडा. जमलं नाही तर कायमचे दोन पिंजरे. आणि नसबंदीआधी मादी आणायचं डोक्यातनं काढा, महिन्याभरात पिल्लं होतील.