नोंदणी न केलेला भाडेकरार आणि आठ दिवसांची मुदत

प्रश्न : वडिलांच्या रेडिएशन उपचारांसाठी मी त्यांना जळगावहून पाच महिन्यांकरिता नाशिकला आणले आहे. दलालामार्फत सदनिका घेतली. भाडे दरमहा 14,000 रुपये, अनामत 50,000 रुपये. करार 500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केला असून त्यात दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे. दीड महिन्यातच मालक म्हणतात की अकरा महिन्यांच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, नोंदणी नसल्यामुळे तुम्हाला हक्कही नाही, आठ दिवसांत घर सोडा. शिवाय अनामतीतून एक महिन्याचे भाडे कापू. मी काय करावे?

उत्तर : मालकांची दोन्ही विधाने चुकीची आहेत. अकरा महिन्यांची समजूत 1908 च्या नोंदणी कायद्यातून आली आहे आणि इतर अनेक राज्यांत तिला आधारही आहे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक काळ घर वापरण्याच्या परवानगीचा, म्हणजे आपल्यासारखा), मग तो दोन महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी हे कलम स्पष्टपणे मालकावर टाकते, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या कराराचे मुद्रांक शुल्क 0.25 टक्के दराने जेमतेम 200 रुपयांच्या आसपास झाले असते व शहरी भागातील नोंदणी फी 1,000 रुपये आहे, तेव्हा 500 रुपयांचा मुद्रांक घेऊन मालकांनी नेमके काय वाचवले हे त्यांनाच ठाऊक.

याच कलमानुसार नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मात्र या तरतुदीच्या जोरावर पूर्ण पाच महिने राहण्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. एक महिन्याची नोटीस ही अट आपण स्वतः सही करून मान्य केली आहे आणि तो कागद मालक न्यायालयात दाखवतीलच. आपली भक्कम बाजू एवढीच, पण ती पुरेशी आहे : लेखी नोटीस मिळाल्यापासून पूर्ण एक महिना, आणि आपल्याकडून कसूर नसल्याने कोणतीही कपात न करता अनामत परत. मुदतीआधीच आपल्याला बाहेर काढले, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 64 खाली भरपाई मागता येते. परस्पर कुलूप लावण्याचा किंवा वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मालकांना नाही. तसे घडल्यास 112 वर कळवून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आज करण्याचे काम म्हणजे स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, मालकांना पत्र पाठवणे. त्यात कलम 55 चा उल्लेख असावा, नोटिशीची अट उद्धृत करावी आणि नोंदणीस आपण तयार असल्याचे लिहावे, कारण दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करता येतो आणि ती मुदत अजून शिल्लक आहे. पुष्कळदा एवढ्या पत्रानेच मालकांची भाषा बदलते. भाडे मात्र एक दिवसही थकवू नका आणि ते बँकेतूनच द्या. अनामतीतून वळते करून घ्या असे सांगून भाडे थांबवणारे लोक आपलीच बाजू दुबळी करतात. तसेच मुदत संपल्यावर घरात राहू नये, कारण भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 प्रमाणे त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते.

घर सोडताना खोल्यांची छायाचित्रे आणि वीज मीटरचा आकडा टिपून घ्या व चावी लेखी पोच घेऊनच द्या. अनामत अडवली गेली, तर 50,000 रुपयांसाठी थेट दाव्याचा खर्च करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज (दावा दाखल करण्याआधी तडजोडीसाठीचा अर्ज) करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे आपण स्त्री असाल, तर उपचारांच्या खर्चात वकिलाच्या फीची भर पडणार नाही.