उत्तर: काच फुटलेला एचएमआय पेटवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शूटिंगसाठी भाड्याने आलेल्या 1.2 किलोवॅटच्या एचएमआय पारच्या (झगझगीत आर्क दिव्याच्या) पुढच्या काचेचा एक तुकडा निखळलाय, बाकीची तडकलीय. अटेंडंट म्हणतो, "जाळी आहे ना, चालतं." काल दिवसभर त्याच्याजवळ उभ्या असलेल्या तुमच्या असिस्टंटचा गाल आणि मान लाल झालीय. आजही तोच लाइट वापरावा का?

नाही. आधी त्याचा प्लग काढा, मग पुढचं वाचा.

जाळी असते ती बल्ब फुटला तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. अतिनील (यूव्ही) किरणांना तिचा काही अडथळा नाही. एचएमआयच्या बल्बमध्ये पाऱ्याच्या वाफेत आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी, पेटतो. तो उजेडाबरोबर भरपूर यूव्ही ओकतो, आणि बल्बचं क्वार्ट्झ ते बहुतेक बाहेर सोडतं. ते अडवायचं काम पुढच्या काचेचं: फ्रेनेल जातीच्या दिव्यात भिंगाचं, पारमध्ये सेफ्टी ग्लासचं. (झोत रुंद-अरुंद करायला आपण शॉटप्रमाणे बदलतो त्या स्प्रेडर लेन्स वेगळ्या. त्या काढल्या तरी सेफ्टी ग्लास जागेवर असते.) ही काच गेली की हातात उरतो तो वेल्डिंगचा झोत. फरक एवढाच की वेल्डरच्या तोंडावर मुखवटा असतो आणि आपल्या नटाच्या तोंडावर नुसता मेकअप.

"काच फुटली तर लाइट आपोआप बंद व्हायला हवा ना?" असंही तुम्ही विचारलंय. हा गैरसमज फार जुना आहे. दार उघडलं की लाइट बंद करणाऱ्या मायक्रोस्विचला काच कळत नाही, त्याला फक्त दार (काच धरणारी पुढची चौकट) कळतं. दार नीट लागलं की त्याच्या लेखी सगळं ठीक, मग मधली काच असो वा नसो.

आणि त्या स्विचचेही आपण काय हाल करतो ते माझ्याच डोळ्यांनी भोगलंय. पंधराएक वर्षांपूर्वी एका मालिकेच्या नाइट शिफ्टला अडीच किलोवॅटचा पार सारखा बंद पडत होता. दाराची कडी सैल होती, म्हणजे स्विच आपलं काम चोख करत होता. एका लाइट दादाने स्विचवर आगपेटीची काडी खोचून वर टेप मारला. लाइट पेटला, दिग्दर्शकाने त्याची पाठ थोपटली. दार मात्र बोटभर उघडंच होतं, आणि त्या फटीसमोर हातभर अंतरावर स्किमर (उजेड मऊ करणारी कापडी चौकट) धरून दीड तास उभा होतो मी. त्या वेळी काही म्हणजे काही जाणवलं नाही. पॅकअपनंतर घरी येऊन झोपलो आणि सकाळी दहाला जाग आली ती डोळ्यांत कुणी मूठभर वाळू कोंबल्यासारखी. पापणी उघडेना, पाणी खळेना, पडद्याच्या फटीतला उजेडही सोसवेना. डॉक्टरांनी डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. कॉर्नियाभर बारीक ठिपके. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले.

यातला फसवा भाग म्हणजे हा उशीर. त्रास साधारण 6 ते 12 तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस दोष देतो जागरणाला नाहीतर धुळीला. 1920 च्या दशकात हॉलिवूडच्या नटांना कार्बन आर्क दिव्यांसमोर काम करून हेच व्हायचं. त्याला 'क्लीग आय' असं नावच पडलं होतं, क्लीगल बंधूंच्या दिव्यांवरून.

तुमच्या असिस्टंटचे डोळे चुरचुरत असतील तर कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा, डोळे चोळू देऊ नका, आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. बंद पापण्यांवर गार पाण्याची घडी चालेल. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, दूध हे वेल्डर लोकांचे उपाय डोळ्यांत नकोत. बधिर करणारे थेंब तपासणीपुरतेच. ते घरी नेऊन घालत बसलात तर दुखायचं थांबतं, पण जखम भरायला उशीर होतो. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. त्वचेची लाली उन्हाने भाजल्यासारखीच, पण फोड आले तर तीही दाखवा.

फुटलेल्या काचेच्या जागी खिडकीची काच बसवायचा, लाइटच्या मालकाने सुचवलेला जुगाड अजिबात नको. साधी काच यूव्ही बऱ्यापैकी अडवते हे खरं, पण त्या उष्णतेने ती तडकणार, आणि तेही नेमकी टेकच्या मध्ये. यूव्ही जिलेटिन (यूव्ही गाळणारा पारदर्शक कागद, ली 226 वगैरे) जुनी चित्रं, रेशमी कापडं फिकी पडू नयेत म्हणून वापरतात. ते काचेच्या जागी लावायचं नसतं, करपून जाईल. बाउन्सला (उजेड परतवायच्या फळीला) चंदेरी फॉइल लावताना सगळ्या काचा शाबूत हव्यात. ॲल्युमिनियम यूव्हीदेखील परतवतं.

हॅलोजनचा बल्बही क्वार्ट्झचाच, त्यामुळे थोडं यूव्ही तिथेही आहे. काच नसलेला रेडहेड (उघड्या तोंडाचा हॅलोजन दिवा) चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तासन्‌तास ठेवू नका. एक मीटरवरून तीन मीटरवर नेलात तर मारा साधारण नवव्या हिश्श्यावर येतो. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीची या बाबतीत चिंता नको.

ब्लॅकलाइटची (रंग चमकवणाऱ्या यूव्ही दिव्यांची) गंमत मात्र डोळसपणे करा. 2023 च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या एका एनएफटी पार्टीत यूव्ही दिव्यांनी पाहुण्यांचे डोळे भाजले होते. आणि जंतुनाशक यूव्ही-सी ट्यूब सेटवर जांभळ्या उजेडासाठी कधीच लावू नका.

लाइट परत पाठवताना लाइटसोबत आलेल्या चलनावर "काच आधीपासून फुटलेली" असं लिहून अटेंडंटची सही घ्या आणि फोटो काढून ठेवा. नाहीतर त्या काचेचे पैसे तुमच्याच बिलात लागतील.